लाखभर रुपयांत गेमिंग पीसी जुळवताना

मागच्या सुट्टीत भाच्याने माझ्यासमोर एक कोटेशन ठेवलं. एक लाख दहा हजारांचं, मॉनिटर सोडून. सोळा कोअरचा प्रोसेसर, महागडा मदरबोर्ड, पाण्याने थंड होणारा कूलर, पुढून-बाजूने काच आणि आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड मात्र आठ जीबीचं, त्या मालिकेतलं सगळ्यांत खालचं. आणि एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात नुसतं '६५० वॅट'. कंपनीचं नावच नाही.

"मामा, भारी आहे ना?"

हे पैसे त्याने दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवले होते. त्यामुळे 'छान आहे' म्हणून मोकळं होणं मला जमलं नाही. आम्ही ते कोटेशन बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. त्या संध्याकाळी त्याला जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. कारण गेमिंग पीसीचं बजेट बिघडतं ते पैसे कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा पैसे चुकीच्या डब्यात गेलेले असतात.

पहिला प्रश्न मी त्याला मॉनिटरचा विचारला. तो गोंधळला, कारण मॉनिटर त्याच्या यादीतच नव्हता. पण आधी ठरवायचा असतो तो मॉनिटरच. स्क्रीनवर जे चित्र दिसतं ते ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं बनलेलं असतं. १९२० गुणिले १०८०च्या स्क्रीनवर साधारण २०.७ लाख ठिपके असतात. २५६० गुणिले १४४०वर ३६.९ लाख. फोर-के म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६०वर ८२.९ लाख. म्हणजे १०८०वरून १४४०वर गेलात की काम पावणेदोनपट होतं आणि तिथून फोर-केवर गेलात की पुन्हा सव्वादोनपट. हे ठिपके दर सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवायचे, तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवे असतील तर जेमतेम ६.९.

लाखाच्या आसपासच्या बजेटमध्ये माझ्या मते १४४० हे योग्य ठिकाण आहे. २७ इंची स्क्रीनवर १०८०चे ठिपके डोळ्यांना टोचायला लागतात, आणि फोर-केची भूक भागवणारं कार्ड घेतलं तर बाकी सगळ्यावर उपास घडतो. ज्याला फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धेचे नेमबाजीचे खेळ खेळायचेत त्याचं गणित वेगळं आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

आता आतलं काम कसं चालतं ते पाहू. शाळेची एक लांब भिंत रंगवायची आहे अशी कल्पना करा. एक जण सांगतोय, 'इथे झाड, त्याच्या मागे विहीर, विहिरीवर बाई, आता ती बाई दोन पावलं पुढे आली.' दुसरा ते ऐकून भिंतीवर रंगवतोय. सांगणारा म्हणजे प्रोसेसर. खेळात कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की बंद, हे सगळं तो ठरवतो. रंगवणारा म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

भिंत मोठी केली तर कुणाचं काम वाढेल? रंगवणाऱ्याचं. सांगणाऱ्याला तेवढंच बोलायचंय. म्हणून स्क्रीनचं रिझोल्युशन वाढलं की ओझं ग्राफिक्स कार्डावर पडतं, प्रोसेसरवर फारसं नाही. उलट भिंत छोटी आणि चित्रं मात्र झरझर बदलायची असतील, तर रंगवणारा हातात ब्रश घेऊन सांगणाऱ्याची वाट बघत बसतो. स्पर्धात्मक खेळांत हेच होतं. तिथे लोक १०८०वर, सेटिंग खाली आणून दोनशे-तीनशे एफपीएस मागतात आणि दम प्रोसेसरचा निघतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने भिंत पूर्ण होते. दुकानांत ज्याला 'बॉटलनेक' म्हणतात तो एवढाच. तो कुठल्याही मशीनमध्ये कुठे ना कुठे असतोच, आणि खेळ बदलला की त्याची जागाही बदलते. त्याला घाबरून नको तेवढा मोठा प्रोसेसर घेणं हीच भाच्याच्या कोटेशनची चूक होती. सोळा सांगणारे आणि रंगवायला एक दमलेला माणूस.

म्हणून १४४०वर खेळायचं असेल तर मॉनिटर सोडून जे बजेट असेल त्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग ग्राफिक्स कार्डाला द्यावा, असं मी सांगतो. प्रोसेसरला पंधरा-वीस टक्के पुरतात.

ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त फसवणूक मेमरीच्या आकड्यावर होते, त्यामुळे इथे थोडं थांबू. रंगवणाऱ्याच्या शेजारी एक टेबल आहे, त्यावर रंगाचे डबे आहेत. ते टेबल म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. हवे ते सगळे डबे टेबलावर मावले तर हात थांबत नाही. टेबल लहान पडलं की काही डबे खाली गोदामात ठेवावे लागतात. गोदाम म्हणजे संगणकाची साधी रॅम. मग प्रत्येक वेळी जिन्याने खाली जा, डबा आणा. सरासरी एफपीएस त्यामुळे फार पडलेले दिसत नाहीत, पण खेळ मध्येच अडखळतो, गचके खातो. काही खेळ अडखळण्याऐवजी गुपचूप हलक्या दर्जाचे पोत (वस्तूंवर चढवलेली चित्रं) वापरतात आणि भिंती, कपडे, चेहरे पुसट दिसायला लागतात.

२०२५मध्ये आलेली दोन कार्डं याचा चांगला नमुना आहेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, नाव मात्र एकच. म्हणजे रंगवणारा तोच, टेबल अर्धं. १४४०वर खेळणाऱ्याने यातलं १६ जीबीचंच घ्यावं. इथे वाचवलेले पैसे वर्षभरात पश्चात्तापात जातात असं माझं स्पष्ट मत आहे. एएमडीच्या १६ जीबी कार्डाची जाहीर किंमत ३४९ डॉलर होती, एनव्हिडियाच्या १६ जीबीची ४२९. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वाटेतल्या सगळ्यांचा नफा चढतो, पण दोघांतलं अंतर सहसा तसंच राहतं. म्हणून निव्वळ पैशाच्या हिशोबात मी एएमडीकडे झुकतो. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर किंवा एआयचे प्रयोगही करायचे असतील तर मात्र एनव्हिडियाला जादा पैसे द्यावेत. त्या सॉफ्टवेअरांची तिच्याशी मैत्री जुनी आहे.

जिन्याच्या रुंदीचाही एक मुद्दा आहे. कार्ड मदरबोर्डाच्या ज्या खाचेत बसतं तिला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं सोळापैकी आठच मार्गिका वापरतात. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या बी४५०सारख्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी आहे, तिथे प्रत्येक मार्गिका अरुंद. त्यात कार्ड ८ जीबीचं असेल तर छोटं टेबल आणि अरुंद जिना असा दुहेरी त्रास. ९०६० एक्सटी सोळाही मार्गिका वापरतं. जुन्या मशीनमध्ये फक्त कार्ड बदलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

दुसरी गोष्ट अपस्केलिंगची. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस. कल्पना अशी की भिंत छोटी रंगवायची आणि मग हुशारीने ती मोठी करून दाखवायची. १४४०च्या स्क्रीनवर डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं तर कार्ड प्रत्यक्षात सुमारे १७०७ गुणिले ९६०चंच चित्र काढतं. नव्या आवृत्त्यांत फरक ओळखणं अवघड जातं, त्यामुळे ही सोय निःसंकोच वापरा. फ्रेम जनरेशन मात्र निराळं प्रकरण आहे. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घुसवतात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर प्रतिसाद लवकर मिळत नाही, उलट किंचित उशिरा मिळतो. मुळात ६०च्या आसपास खरे एफपीएस असतील तर ते शोभतं. २५चे ५० करून खेळायला गेलात तर हाताला चिखलात चालल्यासारखं वाटतं. जाहिरातीतले तिप्पट-चौपट आकडे पाहताना फ्रेम जनरेशन चालू होतं का, हे बारीक अक्षरांत शोधा.

प्रोसेसरमध्ये आम्ही सोळा कोअरवरून सहावर आलो. एएमडीचा रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी हाताळायचे कामाचे धागे), डब्यात कूलर येतोच, आणि त्यात छोटंसं ग्राफिक्सही आहे, म्हणजे कार्ड दुरुस्तीला गेलं तरी मशीन बंद पडत नाही. इंटेलचा आय-५ १२४००एफ याहून स्वस्त पडतो आणि आजही बरा चालतो. त्याच्या नावातलं 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. तरी माझा कल एएमडीच्या एएम५ सॉकेटकडे होता, त्याला कारण आहे. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची बैठक. एएमडीच्या मागच्या एएम४ बैठकीवर २०१७चा बोर्ड घेतलेल्या माणसाला २०२२मध्ये फक्त बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५८००एक्स३डी हा तेव्हाचा नवा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षांनी, बोर्ड न बदलता. एएम५ला निदान २०२७पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय. इंटेलने एलजीए १७०० बैठक तीन पिढ्या चालवली आणि २०२४मध्ये बदलली. ज्याचं बजेट बेताचं आहे त्याच्यासाठी ही बैठक फार मोलाची असते, कारण त्याला पुढची खरेदी तुकड्यातुकड्यांतच करायची आहे.

व्हॅलोरंट-काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी मात्र उलट करावं. कार्ड थोडं हलकं, ८ जीबीचंही चालेल, आणि प्रोसेसर नावात एक्स३डी असलेला, म्हणजे जादा कॅशेचा. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, ७६००मध्ये ३२. कॅशे म्हणजे सांगणाऱ्याच्या हातातली वही. वही मोठी असली की दर वेळी कपाट उघडावं लागत नाही. नावं पाहून फसूही नका: रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांत शंभराच्या एका आकड्याचा फरक दिसतो, पण ५५००मध्ये कॅशे निम्मा, १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेसही तिसऱ्याच पिढीचं.

मदरबोर्ड एकही एफपीएस वाढवत नाही. बी६५० किंवा बी८५० श्रेणीतला साधा, पण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचे हीटसिंक असलेला, एसएसडी बसवायच्या एम.२च्या दोन खाचा असलेला बोर्ड पुरे. भाच्याच्या यादीतल्या बोर्डावरून इथे उतरल्यावर जे वाचलं त्यातच कार्ड ८ जीबीवरून १६ जीबीवर गेलं.

रॅमचं सध्या दुखणं आहे. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीहून वर गेल्या. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना थेट रॅम विकणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. आधी मी डोळे झाकून ३२ जीबी सांगायचो. आता सांगतो, झेपत असेल तर ३२, नाहीतर १६ आणि तीही दोन पट्ट्यांत, ८ अधिक ८. एकाच पट्टीवर प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता अर्धा बंद राहतो. वेग ६००० असलेली डीडीआर५ घ्या. त्याहून वेगवान रॅमला दिलेला पैसा खेळात दिसत नाही.

एसएसडीबद्दल, म्हणजे खेळ साठवायच्या डिस्कबद्दल, थोडक्यात: एक टीबी, पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी), चांगल्या कंपनीची. पाचव्या पिढीच्या एसएसडीचे आकडे डोळे दिपवतात, पण खेळ लोड व्हायला लागणारा वेळ त्याने जेमतेम बदलतो.

आता एसएमपीएस. इथे मी भाच्यावर आवाज चढवला, हे खरं आहे. आपल्याकडे कॅबिनेटसोबत फुकट येणारा डबा हाच एसएमपीएस मानायची जुनी सवय आहे. हाच एक भाग असा आहे, जो स्वतः मरताना बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो. हिशोब सोपा आहे. ५०६० टीआय १८० वॅटचं, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, पंखे-बोर्ड-रॅम मिळून साठ-सत्तर. साडेतीनशेच्या आत झालं. पण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी बरंच जास्त ओढतं आणि पुढे कधी मोठं कार्ड येईल, म्हणून नामांकित कंपनीचा ६५० वॅटचा. '६५०' लिहिलंय म्हणून तो सतत ६५० वॅट खाईल ही भीती चुकीची आहे. मशीनला लागेल तेवढंच तो ओढतो. आतल्या भागांना ३०० वॅट लागत असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर भिंतीतून सुमारे ३५३ वॅट येतात, वरचे ५३ उष्णता होऊन जातात. मॉनिटर धरून ४०० वॅट समजा. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला ३६ युनिट.

'८० प्लस ब्राँझ' किंवा 'गोल्ड'चा शिक्का फक्त या कार्यक्षमतेबद्दल बोलतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो वेळेवर बंद होतो का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलची उघडून केलेली परीक्षणं वाचावीत आणि वॉरंटी पाहावी. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणारी कंपनी सहसा मालाबद्दल खात्रीने बोलत असते.

याला जोडून घरचा विषय. कॅबिनेटला उघड्या हाताने किंवा पायाने स्पर्श केल्यावर झिणझिण्या येत असतील तर पॉइंटला अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. लाखाचं मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जिथे वीज वारंवार जाते तिथे यूपीएस हवाच, पण डब्यावरचा ६०० हा आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअर) असतो. वॅट साधारण ३६० मिळतात. खेळताना ४०० ओढणाऱ्या मशीनला तो वीज जाताक्षणी सोडून देईल. हजार व्हीए किंवा जास्त घ्या, जमलं तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा.

कॅबिनेट काचेचं नको, पुढून जाळीचं हवं. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते आणि खोली जितकी तापते तितकंच आतलं कार्डही वर चढतं. काचेमागे पंखे लावणं म्हणजे खिडकी बंद करून पंखा लावणं. पाण्याचा कूलर आम्ही कापला, ७६००ला त्याची गरज नाही.

एका सापळ्याबद्दल कळकळीने सांगायचंय, कारण कमी बजेटच्या मुलांना तोच आधी दिसतो. 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी, वीस हजार.' त्यातला आय-७ बहुतेक वेळा ३७७०च्या काळातला असतो, म्हणजे २०१२चा. ग्राफिक्स म्हणजे २०१४चं जीटी ७३०. मेमरी ४ जीबी असली तरी रंगवणाऱ्याच्या हातातच दम नाही, मोठं टेबल काय कामाचं? विंडोज ११ अधिकृतपणे हा प्रोसेसर स्वीकारत नाही, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. कुणी 'आय-७ आहे' म्हटलं की पुढचा आकडा विचारा. पिढी त्यात असते.

जुना माल वाईटच असतो असं मात्र नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारं खाणकाम (मायनिंग) बंद केल्यावर ढिगाने कार्डं बाजारात आली आणि त्यातली कित्येक आजही नीट चालताहेत. जुनं कार्ड घेताना ते समोर अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून बघायचं, पंख्यांचा आवाज ऐकायचा, मूळ बिल आणि सीरियल नंबर जुळतो का पाहायचं. इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीतले वरचे प्रोसेसर जुने घेऊ नका. जादा व्होल्टेजमुळे ते खराब होत असल्याचं २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि दुरुस्तीचा मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला. पण आधी झालेली हानी त्याने भरून निघत नाही. एसएमपीएस कधीही जुना घेऊ नका.

नवा माल आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरून घेतला. ऑनलाइन भाव काढून नेले होते. तीन दुकानांत तोच कागद दाखवला, जीएसटीचं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून मागितला. एका दुकानात कार्डासोबत त्यांचाच एसएमपीएस घ्यायची अट घातली, तिथून निघालो. ग्राफिक्स कार्ड शेवटी ऑनलाइन मागवलं आणि डबा फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला.

मशीन जोडून झालं, विंडोज बसलं, पहिला खेळ चालू झाला. भाचा दहा मिनिटं खेळला आणि हळूच म्हणाला, "मामा, कॉलेजच्या लॅबसारखंच वाटतंय."

मी मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली होती, म्हणजे आतापर्यंत प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्सच राबत होतं. ती काढून कार्डात लावली. बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू केलं. रॅम तोवर ४८००वर चालत होती, ६०००वर गेली. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, पाहिला. १८० हर्ट्झचा मॉनिटर ६०वर होता. तो १८० केला.

तो पुन्हा खुर्चीत बसला. बराच वेळ खेळ सुरूच केला नाही, नुसता माउस गोल गोल फिरवत स्क्रीनवरच्या बाणाकडे बघत राहिला.